हाताची थरथर

सेकंद काट्याच्या भोकाचा व्यास ०.२० मिलिमीटर असतो. घड्याळं जुळवणाऱ्या हौशी मंडळींमध्ये सीको कंपनीचं एनएच३५ हे मशीन जगभर चालतं, त्याचं हे माप. तास काट्याचं भोक १.५० मिलिमीटर, मिनिट काट्याचं ०.९०. हे दोन बसवण्याआधी चावी सावकाश फिरवत राहायची आणि खिडकीतली तारीख ज्या क्षणी उलटते तिथेच हात थांबवायचा. ती मध्यरात्र. मग दोन्ही काटे बाराच्या रेघेवर, एकमेकांवर तंतोतंत येतील असे दाबायचे. वरचा खालच्याला घासत तर नाही ना, हे पाहायला घड्याळ डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरायचं आणि दोघांमधून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघायचं. सगळ्यांत शेवटी सेकंद काटा. त्याचं भोक वरून दिसतच नाही, ते खालच्या बाजूच्या बारक्या नळीत असतं. चिमट्याने उचलायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि मधोमध वर आलेल्या टोकावर, भोक दिसत नसताना, तो नेमका टेकवायचा. सरळ बसला तर बोटांना कळतं. कलला तर उडतो, आणि फरशीवर गेला की तासभर शोधावा लागतो.

सुरुवातीच्या काळात या क्षणी माझा हात थरथरायचा. मनगट टेबलाच्या कडेला टेकवायचं, पंखा बंद (धुळीच्या भीतीने तो आधीपासून बंदच असायचा), सगळा श्वास बाहेर सोडायचा आणि पुढचा घेण्याआधी काटा टेकवायचा. त्या वेळात घरात कुणी हाक मारली तरी ऐकू येत नसे. ऑफिस, कर्जाचा हप्ता, कुणाशी झालेली बोलाचाली, यांतलं काहीही त्या टेबलापर्यंत पोचत नसे. काटा बसला, फिरू लागला की पाठीतून घाम उतरलेला जाणवायचा आणि मी उठून बायकोला दाखवायला जायचो. तीही कौतुकाने बघायची.

आता हात थरथरत नाही. काटा पहिल्या खेपेला बसतो. घड्याळ चालू होतं, मी झाकण लावतो, पट्टा चढवतो, आणि मनात काही हलत नाही. कितीतरी दिवस मी ते थकव्यावर ढकललं, मग डोळ्यांवर, मग पावसाळ्यावर. आता मात्र स्पष्ट सांगता येतं की ज्या छंदाने मला आयुष्याची काही फार सुंदर वर्षं दिली, त्याची ओढ ओसरली आहे. मला त्याचं दुःख आहे. ते का झालं हे समजून घ्यावंसं वाटतं, म्हणून लिहितो आहे.

मी आयुष्यात पहिल्यांदा उघडलं ते एचएमटीचं चावीचं घड्याळ. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला या घड्याळांची निर्मिती सुरू झाली आणि पुढची दोनअडीच दशकं आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या मनगटावर तीच राहिली. जनता, पायलट, सोना, कांचन, कोहिनूर, तरुण. दहावीला चांगले मार्क पडले की घड्याळ, नोकरी लागली की घड्याळ, लग्नात जावयाला घड्याळ, निवृत्तीच्या समारंभात नारळ-शालीबरोबर पुन्हा घड्याळ. मी उघडलेली ती एक बंद पडलेली जनता होती. मागचं झाकण निघालं आणि चाकं धरून ठेवणाऱ्या पितळी पुलांमध्ये लाल ठिपके दिसले. ती माणकं. चाकांच्या आसांची टोकं सारखी फिरून धातूची भोकं झिजवतात, म्हणून ती टोकं माणकाच्या भोकात ठेवतात. कृत्रिम माणिक तयार करायची रीत वेर्नुई नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये जाहीर केली आणि मग साध्या माणसाच्या घड्याळातही सतरा सतरा माणकं बसवणं परवडू लागलं. बाजारात ज्याची किंमत फारशी कुणी करणार नाही अशा त्या घड्याळाच्या पोटात इतकी शोभा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि बॅलन्स! घड्याळ उघडून पाहिलेल्या कुणालाही विचारा, तो आधी याच चाकाबद्दल बोलेल. पुलाला हेअरस्प्रिंग, हेअरस्प्रिंगला हे चाक. चिमट्याने पूल उचलला की चाक त्या केसाएवढ्या स्प्रिंगला लोंबकळतं आणि तसंच लोंबकळत ते जागेवर उतरवायचं असतं. खालचं टोक आपल्या माणकात जायला हवं, चाकाखालचा बारका खडा समोरच्या दुबेळक्यात शिरायला हवा, आणि हे सगळं होईपर्यंत स्प्रिंगला पीळ पडता कामा नये. तिला एकदा पीळ पडला की सरळ करायला भल्याभल्यांचे हात लागतात. उतरवलं, काही झालं नाही. रबरी फुंकणीने हलकी हवा मारली, आणि चाक सुटलं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. वर्षानुवर्षं गप्प असलेली वस्तू तान्हं बाळ पहिल्यांदा रडावं तशी बोलू लागली. हायगेन्स या शास्त्रज्ञाने १६७५ मध्ये ही बारीक स्प्रिंग घड्याळात आणली, तेव्हापासून खिशांतल्या आणि मनगटांवरच्या यांत्रिक घड्याळांत हीच हालचाल चालत आली आहे.

जनताचे ताशी १८,००० ठोके. सेकंदाला पाच. मी एकदा सहज गुणाकार केला: चोवीस तासांचे होतात ४,३२,०००. पुराणांनी कलियुगाची जी लांबी सांगितली आहे, तीही ४,३२,००० वर्षं. साठाच्या पटीत काळ मोजायचा म्हटलं की आकडे असे जुळणारच, याची मला कल्पना आहे. तरीही त्या रात्री ती जनता कानाशी धरून मी बराच वेळ बसलो होतो. एका चावीत एक युग.

पुढचा प्रवास या वाटेवरच्या बहुतेकांचा होतो तसाच झाला. पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जाऊ लागलो. ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, पाने, मिक्सरची भांडी, आणि मध्येच एका ताटलीत घड्याळांचा ढीग. काचा फुटलेल्या, काटे गळालेले, पट्टे नाहीत. मुंबईला गेलो की चोर बाजार. हाताळत गेलो तशी नजर तयार होत गेली. रंग देऊन नव्याने छापलेली तबकडी ओळखता येऊ लागली: मिनिटांच्या रेघा कडेला जाऊन कुठेतरी तिरक्या होतात, अक्षरांच्या कडा पसरतात, आणि मूळ कारखान्याने कधीच वापरला नसता असा भडक रंग असतो. फेवर ल्यूबाची स्विस घड्याळं भेटली, १८६५ पासून मुंबईत पेढी असलेली ती कंपनी. जुन्या वेस्ट एंड कंपनीची भेटली. मुंबईने १९५५ पर्यंत आपली स्वतःची वेळ चालवली, भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागची. एखादं त्या काळातलं घड्याळ हातात आलं की वाटायचं, याने ती वेळही दाखवली असेल.

२०१४ मध्ये एचएमटीचं घड्याळ उत्पादन बंद होणार अशी बातमी आली आणि लोक अक्षरशः धावले. आयुष्यभर ज्यांनी चावीच्या घड्याळाकडे वळून पाहिलं नव्हतं त्यांनाही पायलट हवंसं झालं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बंद करण्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या लाटेत मीही होतो. जे संपणार आहे ते जमवून ठेवावं, ही भावना खरी होती आणि ती मी आजही चुकीची मानत नाही. पण तिच्यामागून दुसरं काहीतरी आत आलं. बाजारात जाण्याआधी काय शोधायचं हे ठरू लागलं. पायलटच्या काळ्या तबकडीचा अमुक प्रकार आपल्याकडे नाही, देवनागरी आकड्यांची जनता नाही. हातात आलेल्या घड्याळाकडे बघण्याआधी नसलेल्या घड्याळाचा विचार येऊ लागला.

मग जुळवणीचा काळ. जुन्याचे सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा नव्याकडे वळलो. एनएच३५ मागवायचं, केस वेगळी, तबकडी वेगळी, काटे वेगळे, आणि आपल्या पसंतीचं घड्याळ उभं करायचं. या कामाची गोडी मोठी आहे, हे मी कुणालाही सांगेन. एका रविवारी सकाळी टेबलावर सुटे भाग असतात आणि संध्याकाळी त्यांचं घड्याळ होऊन मनगटावर येतं. इतका पूर्ण दिवस माणसाच्या वाट्याला क्वचित येतो. पण आत दर वेळी तेच २४ माणकांचं, ताशी २१,६०० ठोक्यांचं मशीन. बाहेरून एकदा पाणबुड्याचं रूप, एकदा वैमानिकाचं, एकदा लग्नात घालायचं. हळूहळू माझा सगळा विचार बाहेरच्या रूपाचा होत गेला: काटे निळे की सोनेरी, तारखेची खिडकी तीनवर की नकोच. विचार रूपाचा झाला की तो खरेदीचा होतो. घरी येणारी पार्सलं वाढली आणि टेबलावर बसणं कमी झालं. शेवटी एक पार्सल कितीतरी दिवस टीव्हीच्या खाली तसंच पडून राहिलं. त्यात काय आहे हे मला आठवेना.

संग्रह वाढतो तशी प्रत्येक वस्तूच्या वाट्याला येणारी नजर कमी होते. खणात ओळीने मांडलेली घड्याळं, प्रत्येक वेगळ्या वेळेवर थांबलेलं. सगळी चावी देऊन चालू ठेवायची म्हटली तर सकाळचा अर्धा तास जातो, आणि हा अर्धा तास पूर्वी मी आनंदाने देत असे.

पुण्यात राहणाऱ्या माणसाने संग्रहाचा विचार करावा आणि काकासाहेब केळकर आठवू नयेत हे अशक्य. दिनकर केळकरांचा चष्म्यांचा व्यवसाय होता, ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या आसपास त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि पुढे सत्तर वर्षं, १९९० मध्ये जाईपर्यंत, ती ओढ टिकली. अडकित्ते, दिवे, दौती, गंजिफा, दरवाजे, वाद्यं. आणि अख्खा मस्तानी महाल. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा सातव्या वर्षी गेला. त्याच्या नावाने हे संग्रहालय उभं राहिलं आणि १९७५ मध्ये काकासाहेबांनी ते सगळं राज्य सरकारच्या हवाली केलं. मी तिथे पूर्वीही अनेकदा गेलो होतो. अलीकडे गेलो तेव्हा अडकित्त्यांच्या कपाटासमोर बराच वेळ उभा राहिलो. शेजारी एक आजी आपल्या नातवाला सांगत होत्या, “हा बघ, असाच आपल्या घरी होता, तुझ्या पणजीचा.” तो मुलगा नाक काचेला टेकवून बघत होता. मला वाटतं, इतकी वर्षं न थकता कुणी जमवू शकतं ते अशाच कुणासाठी. ज्याच्या नावाने ते उभं राहिलं तो राजा कधीच गेला होता, आणि तरी येणारा प्रत्येक जण मूल होऊन त्या कपाटासमोर उभा राहतो. माझ्या खणासमोर माझ्याशिवाय कुणी उभं राहत नव्हतं.

पेठेत जिन्याखाली एक घड्याळजी बसतात. दुकान एका टेबलाएवढं. काचेच्या घुमटाखाली उघडलेलं मशीन, पेट्रोलची वाटी, कडेला पांढऱ्या कागदावर ओळीने मांडलेले स्क्रू, डोळ्यावर काळं भिंग. शिकत होतो तेव्हा मी त्यांच्याकडे तासन् तास उभा राहिलेलो आहे. तेल किती घालायचं हे मला त्यांनीच दाखवलं: माणकाच्या वरच्या बाजूला खळगी असते, ती निम्मी भरायची. जास्त झालं तर तेल पसरून निघून जातं आणि टोक कोरडंच राहतं. ओढ ओसरल्यावर मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. हातात काही नव्हतं, सहज गेलो होतो.

“काका, इतकी वर्षं तेच ते काम. कंटाळा नाही येत?”

त्यांनी भिंग वर केलं. प्रश्न त्यांना नीट कळलाच नसावा. “कंटाळा कसला? उद्या सकाळी ते घ्यायला येणार आहेत ना.”

एवढं बोलून ते परत वाकले. मी मात्र घरी जाईपर्यंत त्याच वाक्याबरोबर चालत होतो. त्यांच्या टेबलावरच्या प्रत्येक घड्याळामागे सकाळी येणारं कुणीतरी होतं. कुणाच्या वडिलांचं, कुणाच्या मुंजीतलं, कुणाला उद्या गावी जायचं आहे म्हणून आजच हवं असलेलं. त्यांना उत्साह आहे की नाही हा प्रश्नच तिथे उभा राहत नाही. माझ्या टेबलावरचं घड्याळ घ्यायला कुणी येणार नव्हतं. हात शिकत होता तोवर ते शिकणंच पुरेसं होतं, घड्याळ कुणासाठी आहे हे विचारायची गरज पडली नाही. हात सरावला आणि तो प्रश्न समोर आला. माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

माझ्या आईकडे एकच घड्याळ होतं. एचएमटीचं सुजाता, बायकांच्या मनगटाचं, रुपयाच्या नाण्याएवढं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. सकाळी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की ती घड्याळ काढायची, वेळ लावायची, चावी द्यायची. पूर्ण भरली की ती थांबायची, एका बोटाने काच पुसायची आणि घड्याळ परत घालायची. घड्याळाबद्दल तिने कधी काही विशेष म्हटल्याचं आठवत नाही. माणकं किती, ठोके किती, हे तिला ठाऊक नव्हतं. पण त्या घड्याळाला रोज न चुकता जेवढं लक्ष मिळालं तेवढं माझ्या खणातल्या एकालाही कधी मिळालेलं नाही, आणि ते घड्याळ आजही उत्तम चालतं.

मी खरेदी थांबवली आहे. विझत आलेल्या छंदावर फुंकर घालायचे सगळे उपाय मला माहीत आहेत: नवा पट्टा, नवं मशीन, अधिक अवघड दुरुस्ती, स्वतः हेअरस्प्रिंग सरळ करायला शिकणं. शेवटचा उपाय खरा आहे, कारण त्यात पुन्हा हात थरथरेल. कदाचित मी तो कधी करीनही. पण ओढ परत आणण्यासाठी म्हणून करायचा नाही, हे ठरवलं आहे. गेलेल्या ओढीचा मान राखायचा असेल तर तिला जाऊ द्यावं. तिने मला बघायला शिकवलं. आता मी कुठलंही यंत्र बघतो, शिलाई मशीन असो की सायकलचं चाक, तर मला त्यातली चाकं एकमेकांना कुठे भेटतात ते दिसतं. ते कुठे जाणार नाही.

घड्याळं मात्र जाऊ लागली आहेत. भाची अभियांत्रिकीला आहे. दिवाळीत आली तेव्हा तिने खण उघडला आणि विचारलं, “मामा, यातलं एखादं मी उघडून बघू?” तिला टेबलावर बसवलं. ती जाताना चिमटे, भिंग, स्क्रू ड्रायव्हरचा संच आणि दोन बंद पडलेली मशीनं घेऊन गेली. खालच्या मजल्यावरचा मुलगा बारावी झाला, त्याला एक पायलट दिलं. चावी किती द्यायची, रोज एकाच वेळी का द्यायची, ते सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटला तेव्हा मनगट कानाला लावून उभा होता. ऑफिसातल्या एका शिपायांच्या वडिलांचं घड्याळ हरवलं होतं, त्यांना जनता हवी होती आणि ती माझ्याकडे होती. प्रत्येक जाणाऱ्या घड्याळाची आधी साफसफाई करतो, तेल घालतो, ठोके मोजणाऱ्या टाइमग्राफर यंत्रावर रात्रभर ऐकतो. हे काम करताना बरं वाटतं. कारण सकाळी ते घ्यायला कुणीतरी येणार असतं.

तुमच्या घरी कपाटात असं एखादं चावीचं घड्याळ असेल, तुमच्या आवडीतून उतरलेलं किंवा कुणाच्या मागे राहिलेलं, तर आठवण म्हणून ते बंद ठेवू नका. तेल काही वर्षांत घट्ट होतं, मग ते चाकांना फिरू देत नाही, आणि तशातच जोराने चावी दिली तर झीज वाढते. जवळ घड्याळजी असेल तोवर त्याच्याकडे न्या, स्वच्छ करून घ्या, आणि जो रोज घालेल त्याच्या हातात द्या.